सभेतील स्लाइड : शेवटच्या ओळीतील शेतकऱ्यासाठी

कृषी विद्यापीठात सिद्ध झालेले ज्ञान शेतकऱ्याच्या धुऱ्यापर्यंत पोचविण्याच्या कामी गावसभेचे महत्त्व फार मोठे आहे. पूर्वी ह्या सभेत फळा, खडू आणि कागदी तक्ता हीच साधने असत. आता लॅपटॉप आणि प्रोजेक्टर ही साधने तालुक्याच्या ठिकाणी आणि अनेक ग्रामपंचायतींतही उपलब्ध झाली आहेत. परंतु साधन हाती आले म्हणजे काम साधलेच असे होत नाही. पडदा बारीक अक्षरांनी गच्च भरलेला आहे, कार्यकर्ता लोकांकडे पाठ करून तो मजकूर वाचून दाखवीत आहे, आणि मागच्या ओळीत हळूहळू कुजबूज सुरू झाली आहे, हे दृश्य पुष्कळ ठिकाणी पाहावयास मिळते. अशा सभेहून परतणाऱ्या शेतकऱ्यास, उद्या सकाळी वावरात नेमके काय करावयाचे, हे सांगता येत नाही.

ह्यात केवळ वेळेचा अपव्यय आहे असे समजू नये. २०१७ च्या खरिपात विदर्भातील कपाशीवर गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाला. त्याच हंगामात अमरावतीच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. औषधाचे माप, फवारणीची वेळ, अंगावरील संरक्षक कपडे ह्या गोष्टी पडद्यावर दाखविताना अक्षर पुसट राहिले किंवा आकडा चुकीचा वाचला गेला, तर त्याचा परिणाम पिकावर आणि माणसाच्या जिवावरही होऊ शकतो. म्हणून स्लाइड तयार करणे हे शोभेचे काम नसून जबाबदारीचे काम आहे.

पडद्यावर चित्र दाखवून लोकांना समजावून देण्याची रीत महाराष्ट्रास नवी नाही. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर पाडून दाखविण्याचे प्रयोग केले. त्यांच्या त्या खेळास ‘शांबरिक खरोलिका’ असे नाव होते. काचेवर हाताने रंगविलेल्या चित्रात अनावश्यक गोष्टींना जागा नसे, कारण प्रत्येक चित्रास मेहनत पडे. पुढे २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हा विस्तारकार्यात चित्रफिती, चित्रपट्ट्या आणि तक्ते यांचा उपयोग होऊ लागला. अमरावती जिल्ह्याचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख केंद्रीय कृषिमंत्री असताना १९५९-६० मध्ये दिल्लीत भरलेल्या जागतिक कृषी प्रदर्शनामागेही, शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहावे आणि मग पटवून घ्यावे, हीच दृष्टी होती. आजच्या संगणकावर स्लाइड करण्यास मेहनत थोडी पडते. त्यामुळेच तीत वाटेल तेवढा मजकूर भरण्याचा मोह होतो. हा मोह कसा टाळावा, याचा विचार पुढे केला आहे. उदाहरणासाठी तिवसा तालुक्यातील कपाशी उत्पादकांची बोंडअळीविषयक सभा घेतली आहे.

१. आधी निर्णय ठरवावा, मग स्लाइड करावी

संगणक उघडण्यापूर्वी कार्यकर्त्याने एका कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहावे : ‘ह्या सभेनंतर शेतकऱ्याने काय करावे?’ ह्या प्रश्नाचे उत्तर ‘गुलाबी बोंडअळीची माहिती घ्यावी’ असे असेल, तर ते पुरेसे नाही. ‘दर आठवड्यास वीस बोंडे फोडून पाहावीत आणि मगच फवारणी ठरवावी’ हे उत्तर कामाचे आहे. असे वाक्य सापडले की कोणती स्लाइड ठेवावी आणि कोणती गाळावी, हे आपोआप ठरते. अळीचे शास्त्रीय नाव, तिच्या प्रसाराचा इतिहास, देशोदेशींचे आकडे ही माहिती खरी असली तरी ह्या निर्णयास मदत करीत नसल्यास ती गाळावी. डिसेंबरअखेर वेचणी आटोपून पऱ्हाट्या उपटाव्यात व फरदड घेऊ नये, हा उपदेशही महत्त्वाचा आहे. परंतु तो ऑगस्टच्या सभेत सांगितल्यास डिसेंबरात आठवत नाही. त्यासाठी हंगामाच्या अखेरीस वेगळी सभा घ्यावी.

तिवसा तालुक्यातील गुरुकुंज मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी आश्रम स्थापिला. त्यांच्या खंजिरीच्या भजनाची परंपरा ह्या भागात घरोघरी परिचित आहे. भजनात कडवी अनेक असतात, पण धृपद एकच असते आणि घरी परतणाऱ्याच्या ओठांवर तेच राहते. सभेचे मुख्य वाक्यही असेच आरंभी, मध्ये आणि शेवटी यावे.

२. एका स्लाइडवर एकच गोष्ट

नेहमी आढळणाऱ्या एका स्लाइडचा नमुना घेऊ. तिचे शीर्षक ‘गुलाबी बोंडअळीचे एकात्मिक व्यवस्थापन’ असे असते. त्याखाली कामगंध सापळे लावणे, डोमकळ्या वेचून नष्ट करणे, निंबोळी अर्क फवारणे, परभक्षी कीटकांचे संवर्धन करणे, आर्थिक नुकसानीची पातळी पाहून शिफारशीत कीटकनाशक वापरणे, फरदड न घेणे, पिकाची फेरपालट करणे असे आठ-दहा मुद्दे एकाखाली एक असतात. कोपऱ्यात अळीचे लहानसे छायाचित्र आणि पाठीमागे फुललेल्या कापसाचे रंगीत चित्र असते. ह्यातील एकही विधान चुकीचे नाही. तरीही ही स्लाइड निरुपयोगी आहे. सर्व मुद्दे सारख्याच आकाराचे असल्यामुळे आज कोणता करावा आणि महिन्याने कोणता, हे कळत नाही. शिवाय लोक एक तर वाचतात किंवा ऐकतात. लांब मजकूर वाचत असताना बोलणाऱ्याचे शब्द कानावरून निघून जातात.

हीच स्लाइड मोडून तीन-चार स्लाइड कराव्यात आणि प्रत्येकीचे शीर्षक विषयाचे नाव न ठेवता पूर्ण विधान ठेवावे. ‘बोंडअळी : नुकसानीचा प्रकार’ असे न लिहिता ‘बोंड बाहेरून चांगले दिसले तरी आत अळी असू शकते’ असे लिहावे. त्याखाली दोनच चित्रे असावीत : डावीकडे बाहेरून निरोगी दिसणारे हिरवे बोंड, उजवीकडे तेच बोंड फोडून आत दिसणारी अळी. लहान अळी बोंडात शिरल्यावर तिचे छिद्र बुजून जाते. म्हणून केवळ पाहून निदान होत नाही, बोंड फोडावेच लागते. ही गोष्ट दोन चित्रांतून जितकी ठसते तितकी दहा ओळींतून ठसत नाही. राहिलेला तपशील कार्यकर्त्याने तोंडाने सांगावा. स्लाइड ही बोलणाऱ्याची सोबतीण आहे. त्याच्या टिपणवहीचे काम तिच्यावर लादू नये.

शब्दांची निवडही गावाची असावी. वऱ्हाडात शेतकरी ‘पऱ्हाटी’ म्हणतो, ‘वावर’ म्हणतो, ‘डवरणी’ म्हणतो. ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ हा शब्दप्रयोग पुस्तकात योग्य आहे. पडद्यावर ‘फवारणी कधी करावी?’ एवढे पुरे.

३. अक्षर किती मोठे असावे

शेवटच्या ओळीत बसलेल्या वयस्क शेतकऱ्यास जे वाचता येत नाही, ते लिहिलेच नाही असे समजावे. साधारण नियम असा की, पडद्याच्या रुंदीच्या सहा पटींपेक्षा अधिक दूर कोणासही बसवू नये. पडदा सहा फूट रुंद असेल तर शेवटची ओळ छत्तीस फुटांच्या आत असावी. अशा पडद्याची उंची चार फूट धरल्यास, अक्षर त्या उंचीच्या विसाव्या भागाहून, म्हणजे सुमारे अडीच इंचांहून, लहान नसावे. संगणकाच्या भाषेत सांगावयाचे तर मजकुराचा आकार ३६ पॉइंटपेक्षा कमी ठेवू नये आणि शीर्षकाचा त्याहून मोठा ठेवावा. एवढे मोठे अक्षर घेतले की एका स्लाइडवर पाच-सहा ओळींपेक्षा अधिक मजकूर मावतच नाही. हा त्या नियमाचा दुसरा लाभ होय.

ह्याची परीक्षा सभेपूर्वी घरीच करता येते. लॅपटॉपचा पडदा साधारणपणे एक फूट रुंद असतो. स्लाइड पूर्ण पडद्यावर उघडून सहा फूट मागे जाऊन उभे राहावे. तेथून जे सहज वाचता येईल तेच सभेत शेवटच्या ओळीस वाचता येईल. जे वाचता येणार नाही ते मोठे करावे किंवा काढून टाकावे.

देवनागरी लिपीच्या काही विशेष गरजा आहेत. अक्षराच्या वर मात्रा, वेलांटी व अनुस्वार आणि खाली उकार येत असल्यामुळे दोन ओळींत अंतर अधिक ठेवावे. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीस भिडतो. बारीक रेषेचे, नक्षीदार किंवा तिरपे अक्षर वापरू नये; प्रोजेक्टरच्या प्रकाशात बारीक रेषा पुसट होतात. अक्षर युनिकोडचे असावे. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये केलेली स्लाइड दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठी मजकुराच्या जागी अर्थहीन चिन्हे उमटतात. सुरक्षिततेसाठी स्लाइडची पीडीएफ प्रतही जवळ ठेवावी.

४. आकडे आणि मापे

स्लाइडवरील सर्वांत धोक्याची जागा म्हणजे आकडा. दुरून पाहताना ‘१’ आणि ‘९’ यांत गोंधळ होऊ शकतो. दशांशाचा ठिपका तर दिसतच नाही, ‘०.५’ हे ‘०५’ असे वाचले गेले तर माप दहापट होते. म्हणून ‘अर्धा’, ‘पाऊण’, ‘दीड’ असे शब्दात लिहावे. औषधाची बाटली व मोजण्याचे माप यांवर बहुधा इंग्रजी अंक असतात. तेव्हा मात्रेचा आकडा मराठीत लिहून त्याशेजारी मापाचे छायाचित्र द्यावे आणि कोणत्या रेघेपर्यंत भरावयाचे तेथे ठळक खूण करावी. ज्यास वाचता येत नाही त्यासही ती खूण कळते.

दुसरी गोष्ट एककाची. शिफारस कधी हेक्टरी दिलेली असते, कधी दहा लिटर पाण्यास. शेतकऱ्याच्या पाठीवरचा पंप मात्र पंधरा-सोळा लिटरचा असतो. हिशेब सभेतील माणसावर सोपवू नये, तो स्लाइडवरच करून द्यावा. उदाहरणार्थ, दहा लिटरला २० मि.लि. असे लेबलावर असेल तर ‘१५ लिटरच्या पंपास ३० मि.लि.’ असे लिहावे. निंबोळी अर्काविषयी ‘५ टक्के’ असे लिहिल्याने बोध होत नाही. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्यांचा भुगा रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून त्याचे एकूण १०० लिटर द्रावण करावयाचे असते. हे भरडणे, भिजविणे, गाळणे आणि पाणी मिसळणे अशा चार चित्रांत दाखवावे, आणि प्रत्येक चित्राखाली एकच आकडा असावा. लहान शेतकऱ्यासाठी त्याच हिशेबाने ‘१५ लिटरच्या एका पंपास पाऊण किलो निंबोळ्या’ असे सांगावे.

आकड्यांचा मोठा तक्ता पडद्यावर कधीच टाकू नये. तक्त्यातून जो एक निष्कर्ष निघतो तेवढाच दाखवावा.

५. चित्र व रंग

छायाचित्र शक्यतो त्याच गावातील, त्याच हंगामातील असावे. परक्या देशातील पिकाचे सुबक चित्र पाहून ‘हे आपल्याकडचे नव्हे’ असे मनात येते आणि उपदेशावरील विश्वास उणावतो. मोठ्या पडद्यावर अळी हातभर लांब दिसते. प्रत्यक्षात पूर्ण वाढलेली गुलाबी बोंडअळी एक ते सव्वा सेंटिमीटर असते. म्हणून छायाचित्र घेताना अळीशेजारी सरकी ठेवावी. सरकीचा आकार प्रत्येकास ठाऊक असल्यामुळे अळीचा खरा आकार लगेच ध्यानात येतो. जेथे लक्ष वेधावयाचे तेथे एकच बाण द्यावा.

रंग अर्थासाठी वापरावा, सजावटीसाठी नव्हे. उजेडाच्या खोलीत पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे सर्वांत स्पष्ट दिसतात. पिवळी किंवा फिकट हिरवी अक्षरे पांढऱ्यावर दिसत नाहीत. कीटकनाशकाच्या डब्यावरील त्रिकोणाचा रंग त्याची विषारीपणाची पायरी दाखवितो : लाल म्हणजे अत्यंत तीव्र विष, त्यानंतर अनुक्रमे पिवळा, निळा आणि हिरवा. जुन्या प्रोजेक्टरवर हे रंग फिके पडतात, आणि काही माणसांना लाल व हिरवा यांतील भेद नीट कळत नाही. यास्तव प्रत्येक त्रिकोणाखाली रंगाचे नाव ठळक लिहावे आणि सभेत रिकामा, स्वच्छ केलेला डबा न फिरविता त्याच्या लेबलाचे मोठे छायाचित्र दाखवावे. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक औषध, असा समज होऊ देऊ नये. तेही विषच आहे, हे त्या वेळी स्पष्ट सांगावे.

हलणारी अक्षरे, गोल फिरत येणारी चित्रे आणि आवाज यांनी लोकांची करमणूक होते, परंतु लक्ष विषयावरून उडते. ती वर्ज्य करावी.

६. तिवसा भागासाठी सभेचा नमुना

कपाशीस पाते व फुले लागण्याच्या सुमारास घ्यावयाच्या सभेसाठी पुढील सात स्लाइड पुरेशा आहेत.

पहिली : ‘ह्या आठवड्यात पऱ्हाटीवर फवारणी करावी की नाही?’ एवढाच प्रश्न, चित्राशिवाय.

दुसरी : ‘मिटलेले फूल म्हणजे डोमकळी, आत अळी असू शकते.’ डावीकडे उमललेले फूल, उजवीकडे डोमकळी.

तिसरी : ‘बोंड बाहेरून चांगले दिसले तरी आत अळी असू शकते.’ वर सांगितलेली दोन चित्रे.

चौथी : ‘एकरी दोन कामगंध सापळे, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच.’ सापळ्याचे वावरातील छायाचित्र.

पाचवी : ‘एका सापळ्यात रोज आठ पतंग, सलग तीन रात्री : धोक्याची खूण.’ येथे आकडा न लिहिता तीन चौकोन काढून प्रत्येकात आठ पतंगांची चित्रे मांडावीत. हे चित्र डोळ्यांत राहते.

सहावी : ‘वीस बोंडे फोडा, दोन किडकी निघाली तर धोक्याची खूण.’ वीस वर्तुळे, त्यांपैकी दोन भरलेली. दहा टक्के ही कल्पना ह्यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येत नाही. धोक्याच्या खुणांपैकी कोणतीही एक आढळली तरी पुरे, हे तोंडाने सांगावे. खूण नसेल तर फवारणी करू नये. पुढील आठवड्यात पुन्हा मोजावे.

सातवी : ‘फवारताना तोंडावर मास्क, हातांत मोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस तोंड करून फवारू नये.’ सर्व साधने घातलेल्या फवारणाऱ्या माणसाचे एकच मोठे चित्र. विषबाधेची शंका आल्यास लेबल सोबत घेऊन ताबडतोब दवाखान्यात जावे, हे वाक्य ह्या स्लाइडवर वेगळे व ठळक असावे.

शेवटी पहिली स्लाइड पुन्हा दाखवावी आणि उत्तर लोकांकडून काढून घ्यावे.

७. सभेत दाखविताना

स्लाइड बदलल्यावर क्षणभर थांबावे, लोकांना पाहू द्यावे, आणि मग बोलावे. तोंड लोकांकडे असावे. स्लाइडवरील वाक्य जसेच्या तसे वाचून न दाखविता त्याचा अर्थ सांगावा. मात्र ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मुख्य वाक्य एकदा मोठ्याने म्हणावे. वेचणी व निंदण करणाऱ्या बाया रोज पऱ्हाटीत वावरतात. डोमकळी त्यांच्याच नजरेस प्रथम पडते. त्यांना भिंतीकडेला उभे न ठेवता पुढच्या ओळींत बसविण्याची व्यवस्था करावी आणि सभेची वेळही त्यांच्या सोयीची ठेवावी.

वीज ऐनवेळी जाणे हे गावोगावी नित्याचे आहे. ह्यासाठी सात स्लाइडच्या मोठ्या कागदावरील प्रती गुंडाळून बरोबर न्याव्यात. स्लाइड खरोखर सोपी असेल तर ती कागदावरही तितकीच चांगली दिसते. जी केवळ झगमगाटामुळे चालत होती ती कागदावर उघडी पडते. सभेनंतर स्लाइड भ्रमणध्वनीवर पाठवावयाच्या असतील, तर आवश्यक खुलासा चित्राखाली लिहावा, कारण तेथे समजावून सांगणारा माणूस नसतो.

सभेच्या एक-दोन दिवस आधी गावातील दोघांना, शक्यतो एका वयस्क शेतकऱ्यास आणि एका मजूर बाईस, प्रत्येक स्लाइड दहा आकडे मोजेपर्यंत दाखवावी आणि झाकून ‘काय सांगितले?’ असे विचारावे. उत्तर चुकले तर दोष त्यांचा नव्हे, स्लाइडचा आहे, ती सुधारावी. सभा संपल्यावर जवळच्या वावरातून वीस बोंडे आणून लोकांच्या हातून फोडवून घ्यावीत. पडद्यावर पाहिलेले हातांनी केले म्हणजे ते पक्के होते.

थोडक्यात

(१) सभेनंतर शेतकऱ्याने काय करावे ते एका वाक्यात लिहून मगच स्लाइड करावी.
(२) एका स्लाइडवर एकच गोष्ट आणि शीर्षकात पूर्ण विधान असावे.
(३) लॅपटॉपपासून सहा फुटांवर जे वाचता येत नाही ते मोठे करावे किंवा काढावे.
(४) माप शेतकऱ्याच्या पंपाच्या हिशेबाने द्यावे, दशांश टाळावा, मापावरील रेघ चित्रात दाखवावी.
(५) छायाचित्र आपल्या भागातील, आकाराची तुलना दाखविणारे असावे.
(६) रंगाबरोबर रंगाचे नाव लिहावे.
(७) कागदी तक्ते जवळ ठेवावेत आणि स्लाइड आधी दोघांवर पारखून घ्याव्यात.

सभा चांगली झाली की नाही, हे टाळ्यांवरून ठरवू नये. आठवड्यानंतर त्या गावी जावे आणि धुऱ्यावर भेटणाऱ्या शेतकऱ्यास विचारावे : ‘वीस बोंडांपैकी किडकी किती निघाली?’ त्याने आकडा सांगितला, तर स्लाइडने आपले काम केले असे समजावे.